दोन सुतांचा फरक

ट्रकच्या मागच्या बॉडी बांधण्यात मिस्त्रीची बावीस वर्षं गेली होती. मालाच्या पेट्या, पाण्याच्या टाक्या, जनावरांचे पिंजरे, एकदा तर मधमाश्यांची खोकी ठेवायचा तीन मजली रॅक. चॅसीवर बसेल ते सगळं त्याने बसवलं होतं. माणसं राहतील असं मात्र काही त्याच्या हातून कधी गेलं नव्हतं. म्हणून भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, एका सकाळी शेडच्या फाटकात ट्रक उभा करून "यावर घर चढवायचंय" म्हणाले, तेव्हा त्याला आधी ती थट्टाच वाटली.

भाऊजींनी एकतीस वर्षं लांब पल्ल्याच्या गाड्या चालवल्या होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माणूस चालताना मध्येच आरशात बघितल्यासारखा उजवीकडे बघायचा. ट्रक त्यांनी कुठल्याशा पार्सलवाल्यांकडून घेतला होता. मध्यम आकाराचा, सहा चाकांचा, इंजिन अजून खणखणीत. मागची पेटी काढून टाकलेली, त्यामुळे चॅसीचे दोन लांब पट्टे उघडे पडले होते. घर दुपारी दुसऱ्या गाडीवर लादून आलं. एका छोट्या पिकअपसाठी केलेला जुना कॅम्पर होता तो: लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेला डबा, केबिनच्या वर पुढे आलेला पलंग, आत दोन बर्नरची शेगडी, बसायला बाक, आणि मागच्या बाजूला एक अरुंद दार.

"दोन माणसं राहतील का यात?" मिस्त्रीने विचारलं.

"दीड माणूस राहायचंय," मागून आवाज आला. ताई लेकीच्या गाडीतून उतरत होती. नाकाला नळी, हातात चाकं असलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. "माझं आता अर्धंच उरलंय. धर, हात दे."

तिची फुफ्फुसं दोन वर्षांपासून सुकत चालली होती. डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं होतं की थंडीच्या आत काय करायचं ते करून घ्या. आणि ताईला काय करायचं होतं, तर नवऱ्याचे रस्ते बघायचे होते. एकतीस वर्षं तो फोनवर सांगत होता: आज मिठागरांवरून गेलो, आज असा पूल लागला की खाली ढग होते. आणि ती इकडे कपडे वाळत घालत हं हं करत होती.

"लग्न ठरवताना सांगितलं होतं, मुलाचं फिरतीचं काम आहे," ती मिस्त्रीला म्हणाली. "मला वाटलं मलाही फिरवेल. तर याच्या शेजारी आयुष्यभर क्लीनर बसला."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं. "किती दिवस लागतील?"

"नीट करायचं तर महिना."

"महिना नाहीये माझ्याकडे. दहा दिवसांत दे."

मिस्त्रीने मान हलवली, पण काय करायला हवं ते त्याला त्याच वेळी दिसत होतं. मालाची पेटी बसवणं सोपं. मध्ये लाकडाची पट्टी द्यायची, यू-बोल्टने चॅसीला आवळायची, झालं काम. रस्ता वाकडा आला, एक चाक खड्ड्यात गेलं, की चॅसी पिळते. ती पिळावी अशीच केलेली असते. वरची लोखंडी पेटी तिच्याबरोबर थोडी पिळते, करकरते, कोणाचं काही बिघडत नाही. पण दारं-खिडक्यांचा लाकडी डबा तसा आवळला तर चॅसीचा सगळा पीळ त्याच्या अंगात शिरतो. चौकटींचे काटकोन सुटतात. तसं होऊ नये म्हणून डब्याखाली वेगळी फ्रेम करायची, ती मागे पक्की धरायची आणि पुढे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे बोल्ट द्यायचे, म्हणजे खाली चॅसी कितीही मुरगळली तरी वरचं घर सपाट राहतं. हे त्याला माहीत होतं. स्प्रिंगवाल्याला त्याने त्याच दिवशी फोनही केला. तसल्या स्प्रिंगा मुद्दाम करवून घ्याव्या लागणार होत्या. तीन आठवडे, स्प्रिंगवाला म्हणाला.

मग मिस्त्रीने मनाशी ठरवलं की तूर्त यू-बोल्टवर बसवू आणि ही मंडळी फिरून आली की स्प्रिंगा टाकू. तूर्त हा शब्द त्याला फार सोयीचा वाटला.

शेडमध्ये त्याच्याबरोबर एकच वेल्डर होता. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला मौनीबुवा म्हणत. दोघांनी मिळून लोखंडी चॅनलची फ्रेम केली. पिकअपच्या मापाचा डबा खालून अरुंद होता, त्याला ट्रकच्या रुंदीचा पाट दिला. पाटाखालच्या मोकळ्या जागेत पाण्याची टाकी, बॅटरी आणि सिलिंडर ठेवायचं कपाट बसवलं. मोठे सिलिंडर आत नकोत, बाहेरून कपाटातच बरे, असं भाऊजींनीच सांगितलं. आत जागा नव्हती आणि ताईला ते उचलवतही नव्हते. चार जॅकवर डबा उचलून ट्रक खाली मागे घेतला, इंच इंच करत डबा उतरवला आणि आठ यू-बोल्ट आवळले. काम देखणं झालं होतं. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने एक गोष्ट केली, जी नसती केली तर पुढे त्याला स्वतःला फसवता तरी आलं असतं. त्याने मागच्या डाव्या चाकाखाली वीतभर उंच ओंडका घातला, गाडी त्यावर चढवली, आणि टेप घेऊन दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. सपाट जागेवर सारखे होते. आता दोन सुतांचा फरक पडला होता, म्हणजे पाव इंच. दार ओढलं तर वरच्या कोपऱ्यात अडकलं. खांदा लावून हिसका दिला तेव्हा उघडलं.

मौनीबुवा हातातलं कापड झटकत शेजारी येऊन उभा राहिला. "स्प्रिंग," तो म्हणाला.

"माहितीये मला."

मिस्त्रीने रंधा घेतला आणि दाराची कड दोन सूत उतरवली. कडीची जीभ कानशीने घासली. आता ओंडक्यावरही दार उघडत होतं. पण गाडी रिकामी होती आणि ओंडका वीतभरच होता. टाकी भरल्यावर, सामान चढल्यावर, चाक याहून खोल गेल्यावर किती फरक पडेल, हे त्याने मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी दार दोनदा उघडून मिटून बघितलं. "जरा लागतंय का रे?"

"नवीन बसवलंय, भाऊजी. वापरात बसेल आपोआप."

गाडी सपाट जागी लावत जा, आणि कधी दार अडलंच तर गाडी थोडी हलवा, एवढं वाक्य त्याच्या ओठांवर होतं. पण आत ताई खिडकीशी बसून पडद्याची दोरी ओवत होती. तिने त्याला हाक मारली, "बघ, माझ्या घराला पहिल्यांदाच माझ्या आवडीचा रंग." त्या क्षणी अडलेल्या दाराची गोष्ट काढणं मिस्त्रीच्या जिवावर आलं. आपलं काम अर्धवट आहे हे कबूल करणंही तितकंच जिवावर आलं. तो म्हणाला, "छान आहे, ताई," आणि फाटक उघडायला गेला.

ताईचा फोन एकाआड एक दिवस यायचा. धाप लागायची म्हणून थोडंच बोलायची, पण आवाजात अशी उभारी मिस्त्रीने तिच्या लग्नानंतर ऐकली नव्हती. मिठागरं बघितली, इतकी पांढरी की डोळ्यांना फडकं बांधून बसावं लागलं. पूल बघितला, ढग नव्हते, पण नवऱ्याने खोटं सांगितलं असं ती म्हणणार नव्हती. पंधराव्या दिवशी बोलता बोलता ती म्हणाली, "तुझं दार मात्र रोज रुसतं बघ. हे खांदा मारतात तेव्हा उघडतं. मी म्हटलं, माझ्यावर कधी एवढा जोर नाही केलात."

मिस्त्री त्या वेळी एका टाकीच्या खाली आडवा पडला होता. "आलात की करतो," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर तो तिथेच पडून राहिला. भाऊजींना उलटा फोन करावा असं त्याला वाटलं. मग वाटलं, आता आठवडाभराचा तर प्रश्न. त्यांना रस्त्यात कशाला घाबरवा.

तेविसाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास भाचीचा फोन आला. ती रडत नव्हती. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली.

काय झालं ते भाऊजींनी घरी आल्यावर सांगितलं, आणि मग येणाऱ्या प्रत्येकाला त्याच क्रमाने, त्याच शब्दांत सांगत राहिले. तळ्याच्या काठी गाडी लावली होती. ताईला पलंगावरून पाणी दिसावं म्हणून अगदी कडेला घेतली. मागचं एक चाक काठाच्या मऊ मातीत खचलं होतं, पण गाडी निघणार नाही इतकं काही नव्हतं, एकतीस वर्षांत असली चाकं हजार वेळा काढली होती. चालू सिलिंडर संपत आला होता. पिण्याचं पाणी भरून आणतो, मग नवा लावतो, असं सांगून ते दोन कॅन घेऊन गेले. वीस मिनिटांत परत आले, तर चाक आणखी रुतलं होतं. आतून दारावर थाप ऐकू येत होती. दार उघडेना. त्यांनी खांदा मारला. पाय लावून ओढलं. टॉमीची लोखंडी कांब घालून बघितली तर पत्रा फाटला, दार नाही हललं. थाप थांबली. मग त्यांनी बाजूची खिडकी पान्याने फोडली. खिडकी डोकं जाईल एवढीच. आत ताई दाराला टेकून बसली होती. त्यांनी कपाटातून नवा सिलिंडर काढून खिडकीतून आत लोटला. पण आत तो जोडायला कोण होतं. शेवटी रस्त्याचं काम करणारे दोघे धावत आले आणि पहारीने बिजागऱ्या उचकटल्या. तोपर्यंत अर्धा तास होऊन गेला होता.

मिस्त्री समोर खुर्चीवर बसून ऐकत होता. "दार उघडेना" हे शब्द आले तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं.

आणि गोष्टीच्या शेवटी भाऊजी दर वेळी तेच म्हणत. "रोज खांदा मारून मारून कडी मीच बिघडवली."

त्या दिवशी मिस्त्री काही बोलला नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, ते एक निमित्त झालं. मग आठवडा गेला, मग महिना. मिस्त्रीची झोप उडाली. जेवताना घास तोंडात फिरत राहायचा. कामावर मापं चुकायला लागली. मौनीबुवा काही न बोलता त्याच्या हातातून टेप घ्यायचा आणि पुन्हा मोजायचा.

सव्वा महिन्याने तो भाचीच्या घरी गेला. भाऊजी आता तिच्याकडेच राहत होते. भाची स्वयंपाकघरात होती. भाऊजी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर काहीतरी मांडून बसले होते. जवळ गेल्यावर मिस्त्रीला दिसलं: कॅम्परच्या दाराची कडी. सगळे भाग सुटे केलेले, रॉकेलने धुऊन ओळीने ठेवलेले.

"ये," भाऊजी म्हणाले. "बरं झालं आलास. तिसऱ्यांदा खोलली. यात काही सापडतच नाही मला. स्प्रिंग नीट आहे, जीभ नीट आहे. तू बघ जरा, तुला कळेल."

मिस्त्रीने जीभ हातात घेतली. त्याच्याच कानशीच्या रेघा तिच्यावर होत्या.

"कडी ठीक आहे, भाऊजी," तो म्हणाला.

"मग?"

मग त्याने सांगितलं. चॅसीचा पीळ, यू-बोल्ट, स्प्रिंगवाल्याचे तीन आठवडे, ओंडका, दोन सूत, रंधा. सांगताना तो भाऊजींकडे बघू शकत नव्हता, वर्तमानपत्रावरच्या स्क्रूंकडे बघत होता. "कडीने नाही, चौकटीने दार धरलं. चाक खचलं होतं ना, त्यामुळे. तुमच्या खांद्याने काही झालेलं नाही. माझ्यामुळे झालं."

भाऊजींनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

"निघायच्या आदल्या दिवशी."

"आणि तिने फोनवर सांगितलं तेव्हा? दार रुसतं म्हणाली, मी शेजारीच होतो."

"तेव्हाही."

खालच्या रस्त्यावरून एक गाडी रिव्हर्स घेत होती, तिची पिपाणी वाजत राहिली. भाऊजी वाकून त्या गाडीच्या चाकांकडे बघत राहिले. मग त्यांची नजर बदलली. माणूस रस्त्याचा अंदाज घेतो तशी ती बारीक झाली, आणि ते कुठे पोचताहेत ते मिस्त्रीला कळलं. हे पुढचं त्याने मुद्दाम सांगितलं नव्हतं.

"चाक खड्ड्यातून बाहेर आलं असतं," भाऊजी सावकाश म्हणाले, "तर पीळ गेला असता."

मिस्त्रीने एक स्क्रू उचलून पुन्हा ओळीत ठेवला.

"दार उघडलं असतं?"

"सांगता येत नाही, भाऊजी."

"खोटं बोलू नकोस. किती पुढे घ्यावी लागली असती?"

"भाऊजी..."

"किती?"

"हातभर," मिस्त्री म्हणाला. "फार तर दोन हात."

भाऊजींनी मान हलवली, कोणी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी. "किल्ली माझ्या खिशात होती," ते म्हणाले. मग उठून आत गेले.

भाची जिन्यापर्यंत त्याच्या मागे आली. तिने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "मामा, कडी बिघडली होती असं समजून बाबा जगले असते," ती म्हणाली. "कडी कोणाचीही बिघडते."

"त्यांनी स्वतःला दोष देऊ नये म्हणून सांगितलं गं."

"आता नाही देणार?"

आपण भाऊजींसाठी सांगितलं की स्वतःला सहन होईना म्हणून, हे त्याला त्या जिन्यात उभं राहून ठरवता आलं नाही, आणि नंतरही कधी आलं नाही.

आठ दिवसांनी सकाळी भाऊजी ट्रक घेऊन शेडवर आले. मागचं दार नव्याने बिजागऱ्या लावून बसवलं होतं, कडी होती तिथे होती. पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणली होती. त्यांनी दाढी केली होती, शर्ट इस्त्रीचा होता. केबिनमधून उतरून ते म्हणाले, "दाखव."

"काय दाखवू?"

"कसं अडतं ते. ओंडका घाल."

मिस्त्रीने नको म्हणून बघितलं. शेवटी मौनीबुवानेच ओंडका आणला, एकाऐवजी दोन, आणि एकमेकांवर ठेवले. भाऊजींनी गाडी मागे घेऊन डावं चाक त्यांवर चढवलं. डबा करकरला. ते उतरून मागे आले आणि दाराची मूठ धरून ओढली. दार हललं नाही. पाय लावून ओढलं. खांदा मारला. साठीतल्या माणसाच्या मानाने त्यांच्यात अजून बराच जोर होता. दार भिंतीसारखं उभं राहिलं.

मग ते केबिनमध्ये गेले, इंजिन चालू केलं आणि गाडी हातभर पुढे घेतली. चाक धप्पकन खाली आलं. ते उतरले, मागे आले, मूठ दोन बोटांनी दाबली. दार उघडलं.

त्यांनी ते पुन्हा केलं. पुन्हा चढवली, पुन्हा ओढून बघितलं, पुन्हा उतरवली. तिसऱ्या वेळी त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, केबिनपर्यंत चालत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते. मिस्त्रीने त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. "बस करा, भाऊजी." त्यांनी हात सोडवून घेतला, रागाने नाही, एखाद्याने वाटेतली फांदी बाजूला करावी तसा.

"पाऊण मिनिट," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उतरव हे."

डबा उतरवायला दुपार झाली. दोन यू-बोल्टांचे आटे गंजले होते, ते बोल्ट मौनीबुवाने कापले. भाऊजी तेवढा वेळ केबिनमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. चहा दिला तो त्यांनी घेतला. आतलं सामान काढायचं का, असं मिस्त्रीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लेकीला विचार." डबा चार जॅकवर उचलला गेला, त्याच्या खालून उघडी चॅसी सरकत बाहेर आली.

मिस्त्री केबिनच्या खिडकीशी गेला. काय बोलायचं ते त्याने सकाळपासून जुळवलं होतं, पण तो तोंड उघडायच्या आत भाऊजीच बोलले. "तू तिचा भाऊ आहेस. भांडून काही करणार नाही मी तुझ्याशी. पण घरी येत जाऊ नकोस."

"बरं."

"आणि त्या दिवशी सांगितलंस ते बरं केलंस की वाईट, ते मला माहीत नाही. विचारू नकोस."

भाची चार दिवसांनी आली, कपडे आणि भांडी पोत्यात भरून घेऊन गेली. डबा भंगारवाल्याने तोडून नेला. स्प्रिंगवाल्याकडून सांगून ठेवलेल्या स्प्रिंगा कधीच येऊन पडल्या होत्या. मिस्त्रीने त्या एका पाण्याच्या टाकीला वापरल्या. टाकीवाला म्हणाला की एवढं कशाला, नुसते बोल्ट मारा. मिस्त्रीने ऐकलं नाही, आणि त्याच्याशी वादही घातला नाही.

भाचीचा अधूनमधून फोन येतो. सुरुवातीला महिनाभर तिने केला नव्हता. भाऊजी आता एका सिमेंटवाल्याचा माल त्याच ट्रकवर वाहतात, लांबचा नाही, गावातल्या गावात. मागची बॉडी दुसऱ्या कोणाकडून बांधून घेतली. जेवतात, पेपर वाचतात, नातवाला शाळेत सोडतात. रात्री झोपत नाहीत फारसे.

"मी येऊ का एकदा?" मिस्त्री दर वेळी विचारतो.

"अजून नको, मामा," ती म्हणते. मग त्याच्या तब्येतीची चौकशी करते, तो तिच्या लेकाची करतो, आणि फोन ठेवून तो पुन्हा गाडीखाली जातो, कारण गिऱ्हाईक उभं असतं.